माणगावचा यशवंत, मोंतोनेचा यशवंत

गणपतीला कोकणात निघालेला चाकरमानी माणगावच्या कोंडीत अडकला की बाजारपेठ, एसटी स्टँड, वडापावच्या गाड्या सगळं डोळे भरून पाहतो. इथल्या तहसील कचेरीपाशी एका सैनिकाचा पुतळा आहे, हे मात्र त्याच्या गावी नसतं. तो पुतळा नाईक यशवंत घाडगे यांचा. गेले तेव्हा त्यांना तेविसावं वर्ष चालू होतं.

जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा, माणगाव तालुक्यातल्या पळसगाव-आमडोशीचा. जिल्हा तेव्हा कुलाबा. भातखाचरांवर घर चालत नाही, तेव्हा मुंबईची गिरणी गाठायची नाहीतर पलटण, अशी त्या काळच्या कोकणातल्या तरण्या पोरांची रीत. यशवंत पलटणीत गेले. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन दुसऱ्या महायुद्धात इटलीत उतरली आणि १९४४ च्या उन्हाळ्यात टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, डोंगरागणिक ठाण मांडून बसलेल्या जर्मनांशी भिडली.

१० जुलैला त्यांच्या कंपनीने एका मोर्च्यावर हल्ला केला. यशवंतांच्या हाताखालच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगन सुरू झाली आणि ते सोडून सगळे जण मारले गेले किंवा जखमी होऊन पडले. सोबत कुणीच नाही हे ठाऊक असूनही यशवंत त्या मशिनगनवर धावून गेले. हातबॉम्बने गन आणि गनवाला संपवला, टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला सवड नव्हती. मग नळीच धरून, सोट्यासारखी बंदूक फिरवत त्यांनी उरलेल्या दोघांना ठार केलं. जिंकलेल्या त्याच जागी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते कोसळले. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात हे सगळं अगदी कोरड्या सरकारी भाषेत नोंदलेलं आहे. मला तो कोरडेपणा आवडतो. वाचणाऱ्याचा श्वास अडकायला तेवढा पुरतो.

ब्रिटिश साम्राज्याचा हा सर्वोच्च शौर्यसन्मान त्यांना मरणोत्तर मिळाला आणि व्हाइसरॉय वेव्हेल यांनी तो पत्नी लक्ष्मीबाईंच्या हाती दिला. देह मात्र गावी आला नाही. त्या काळी परमुलखात पडलेल्या शिपायांना घरी आणण्याची पद्धतच नव्हती. इटलीतही त्यांची अशी वेगळी ओळखता येणारी कबर वा समाधी नाही. ज्यांचं अंत्यस्थान ठाऊक नाही, अशा चार हजारांवर सैनिकांची नावं कसिनोच्या युद्धस्मारकावर कोरलेली आहेत, त्यांत त्यांचं एक. म्हणून माणगावच्या पुतळ्याला वेगळं मोल आहे. हार घालायला, पोराबाळांना बोट दाखवून सांगायला तालुक्याच्या हाताशी आहे ती एवढीच जागा.

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाणं मला पटत नाही. १० सप्टेंबर १९४२ ला शेजारच्या महाडात 'चले जाव'चा मोर्चा तहसील कचेरीवर गेला, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, माणसं हुतात्मा झाली. दोनच वर्षांत त्याच सरकारच्या गणवेशातला याच मुलखातला पोरगा इटलीत पडला. मग एकाचा गौरव केला की दुसऱ्याचा अपमान होतो का? तसं म्हणणारे असतात. मला विचाराल तर, दोघांच्या घरची भाताची कणगी सारखीच रिकामी असणार. यशवंत लढले ते नाझी जर्मनीच्या सैन्याशी, आणि शेवटच्या क्षणी त्यांच्यापुढे लंडनच्या राजापेक्षा शेजारी पडलेले आपल्या तुकडीतले गडी असणार, असं मी धरून चालतो. आणि पुतळा आज कुठे आहे बघा: एकेकाळी जिथून गोऱ्या सरकारचा सारा वसूल व्हायचा, त्याच महसूल खात्याच्या कचेरीपाशी. ती कचेरी आता आपली आहे.

इटलीने आठवण ठेवायला वेळ घेतला, पण ठेवली. जुलै २०२३ मध्ये पेरूजा प्रांतातल्या मोंतोने गावात यशवंत घाडगे यांच्या नावाने स्मारक उभं राहिलं. पुतळा नाही, शिळा नाही, चक्क सूर्यघड्याळ. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्यासाठी निवडलं आहे. इटलीच्या त्या मोहिमेत पन्नास हजारांवर भारतीय सैनिक होते. ५,७८२ परतले नाहीत. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैनिकांच्या वाट्याला आले. त्यांतले दुसरे मराठा लाइट इन्फंट्रीचे मानकरी नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव. ते मात्र जिवंत घरी परतले.

शाळेच्या सहली मुंबईहून रायगडावर निघतात, तेव्हा माणगाव वाटेतच लागतं. कोंडीत बस तशीही उभीच असते. गुरुजींनी मुलांना पंधरा मिनिटं खाली उतरवायला हरकत नसावी.