कडेचा हिशेब

गणपतीच्या कारखान्यांत पावसाळ्यात कॉम्प्रेसरची घरघर वाढते. मूर्तीच्या अंगाची छटा स्प्रे गनने मारतात, डोळ्यांची आखणी मात्र कुंचल्यानेच होते. कुठली कड विरघळायची आणि कुठली ठसठशीत उठायची, हे त्या कारागिराला ठाऊक असतं. बोरिवली-मुलुंडच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर रणगाड्याचं वीतभर मॉडेल रंगवणाऱ्यापुढेही हाच प्रश्न असतो. मास्किंग, म्हणजे रंग नको तो भाग झाकणं, हे नुसतं टेप नीट कापणं आहे, हा समज मला अपुरा वाटतो. कड कशी हवी हे खऱ्या गाडीच्या इतिहासावरून ठरतं, टेप त्यानंतर येते. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन रणगाडे कारखान्यातून गडद पिवळ्या रंगात निघू लागले. त्यावर मारायची हिरवी आणि तांबूस तपकिरी पेस्ट तुकड्यांना मिळे. ती पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करून सैनिक बहुधा स्प्रेने मारत, म्हणून पट्ट्यांच्या कडा धूसर. १९४०-४१ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या ब्रिटिश रणगाड्यांवर मात्र सरळ रेषांचे, धारदार कडांचे तिरपे पट्टे होते. तिथे टेपच हवी. टेपच्या कडेवर आधी खालचाच रंग पुन्हा मारला, की फटी त्यानेच बुजतात आणि वरचा रंग आत झिरपत नाही. धूसर कडेसाठी ब्लू-टॅक या मऊ, चिकट लगद्याच्या बारीक वळ्या लावून गन समोरून सरळ धरायची. वळीच्या गोलाईखाली रंग किंचित विरतो.

इतकं कोण बघतं, असं कुणी म्हणेल. पण डोळा मोजतोच. खऱ्या गाडीवरची सात सेंटिमीटरची धूसर कड १:३५ च्या मॉडेलवर दोन मिलिमीटर होते, १:७२ वर जेमतेम एक. तीच अर्धा सेंटिमीटर पसरली, की रणगाड्याचं खेळणं होतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सैनिकांनी हाताला येईल तसं रंगवलं, काहींनी तर कुंचल्यानेच, मग नियम कसला? खरं आहे, सरसकट नियम नाहीच. म्हणून तर ज्या गाडीचं मॉडेल करायचं, तिचाच फोटो शोधावा लागतो. आपल्या हवेचा अडथळा वेगळाच. जुलैत उपनगरांतली आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांवर असते; दाबलेल्या हवेतलं पाणी थेंब होऊन गनमधून उडतं आणि तासाभराचं मास्किंग फुकट जातं. नळीत हे पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप बसवल्याशिवाय पावसाळ्यात गन हातात घेऊ नये.

खरे रणगाडे बघायचे तर अहमदनगरचं, आता अहिल्यानगरचं, १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय गाठावं. पत्र्याचे सांधे, चाकं, पट्टे तिथे डोळे भरून बघा. रंग मात्र जुन्या फोटोंवरूनच घ्या, कारण उघड्यावरच्या गाड्यांना जपण्यासाठी पुन्हा रंग द्यावाच लागतो.