'देखो'चा झाला 'डेक्को'

पुलगावात लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. गावात त्याला नुसतं 'डेपो' म्हणतात. देशाच्या कानाकोपऱ्यांतून जवान इथे बदलून येतात, म्हणून बाजारात एका कानाला 'भैया, ये देखो' ऐकू येतं, तर दुसऱ्याला 'नीट पाहजो बाप्पा'. यातल्या 'देखो'नं फार लांबचा प्रवास केला आहे.

इंग्रजी बोलीत 'डेक्को' म्हणजे नजर टाकणं. हिंदुस्थानातल्या छावण्यांत गोऱ्या शिपायांनी तो उचलला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो छापील इंग्रजीत आला आणि त्यांच्याच तोंडून विलायतेच्या गल्लीबोळांत रुळला.

पण त्यांनी 'देखना' का नाही उचललं? 'देखो'च का? हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ साली निघाला. त्यात अशा क्रियापदांची रांगच आहे: 'पकडाओ'वरून धरून आणणं, 'बनाओ'वरून रचणं, 'फुसलाओ'वरून गोड बोलून वळवणं. मूळ रूप सगळीकडे आज्ञार्थी. 'शाम्पू'सुद्धा 'चांपो'तूनच आला. त्याचा पहिला अर्थ अंग चेपणं, केस धुणं नंतरचं. याचं कारण मला उघड दिसतं. नोकराशी, हमालाशी, शिपायाशी साहेब हुकमाच्या भाषेतच बोलायचा. जे रूप रोज तोंडात, तेच त्याला अख्खं क्रियापद वाटलं.

'देख' आपल्यालाही परका नाही. प्राकृतातल्या 'देक्खइ'चा हा वंश. ज्ञानेश्वरीत 'देखणे' पदोपदी भेटतं. पुढे 'पाहणे' आणि 'बघणे' यांनी त्याची जागा घेतली, तरी देखणा, देखावा, देखरेख, 'माझ्यादेखत' यांत ते टिकून आहे. शेकडो वर्षांपूर्वी भारतातून युरोपात गेलेल्या रोमा लोकांच्या भाषेतही पाहण्याला 'दिख' म्हणतात. म्हणजे छावणीतला 'देखो' विलायतेत पोचला, तेव्हा त्याचा एक भाऊबंद तिथे आधीच नांदत होता.

वऱ्हाडीतलं 'पाहजो', 'येजो', 'करजो' हेही आज्ञेचंच रूप, पण त्यात जरब नाही. 'सवडीनं कर, पण नक्की कर' असा जिव्हाळा त्यात आहे. प्रमाण मराठीत त्यासाठी असं वेगळं रूप नाही. शाळेत मात्र पोरांना हे रूप अशुद्ध म्हणून खोडून दिलं जातं, आणि हे खोडणं चुकीचं आहे. पुलगावकरांनो, घरी पोरांशी बिनधास्त वऱ्हाडी बोलजा.