यंत्राला नजर हवी

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या माळावर 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला आणि किर्लोस्करवाडी वसली. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे, वाडी सांगलीत. ओतकामाचा वारसा मात्र दोन्ही जिल्ह्यांचा. ओतशाळेत मुरलेला कामगार रसाचा रंग पाहून तो ओतण्याजोगा झाला की नाही हे सांगतो. थरावर थर चढवून वस्तू घडविणाऱ्या नव्या यंत्रांपाशी ही नजर आहे काय?

या यंत्रात धातूची बारीक पूड पसरून लेसर किरणाने ती हवी तेथे वितळवितात. थर 40 मायक्रॉनचा असला, तर एक सेंटिमीटर उंचीसाठी असे 250 थर लागतात. उष्णता कमी पडली की पूड अर्धवट वितळते. जास्त झाली की वाफेने पोकळी उरते. बरे, एकदा ठरविलेली शक्ती सर्वत्र चालेल म्हणावे, तर तेही नाही. खाली घन धातू असेल तर उष्णता झटकन निघून जाते. सुटी पूड असेल तर ती कोंडते. आंधळेपणाने तेवढाच किरण टाकणारे यंत्र दोष वस्तूच्या पोटात पुरून ठेवते. तो शोधण्यास क्ष-किरण तपासणी लागते आणि प्रत्येक नगामागे तो खर्च लहान कारखानदाराने सोसावा कसा?

उपाय मेकॅट्रॉनिक्समध्ये आहे. हा शब्द 1969 मध्ये जपानच्या यास्कावा कंपनीत जन्मला. प्रकाशसंवेदक आणि कॅमेरा वितळत्या धातूवर लक्ष ठेवतात, संगणक ताळा पाहतो आणि किरणाची शक्ती क्षणार्धात कमीअधिक होते. बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी हे करून दाखविले आहे. तरीही बाजारातील अनेक यंत्रे दोषाची केवळ नोंद करतात, दुरुस्ती नव्हे. चोर पळाल्यावर पंचनामा करण्यातलाच हा प्रकार!

केंद्र सरकारने 2022 मध्ये या उद्योगासाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. परंतु यंत्र विकत आणल्याने नियंत्रणाची विद्या येत नाही. यंत्र, विद्युत आणि संगणक या शाखांच्या भिंती ओलांडल्याखेरीज ती साधणार नाही. सांगलीचे वालचंद महाविद्यालय 1947 पासून अभियंते घडवीत आहे. तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांनी प्लॅस्टिकची तार वितळविणाऱ्या स्वस्त यंत्रावर संवेदक बसवून आरंभ करावा आणि त्यांच्याशेजारी ओतशाळेतला एखादा वयस्क कामगारही बसवावा. रसात नेमके काय पाहायचे, हे त्याला ठाऊक आहे.