खरे, नारायण भास्कर

(१८८४–१९७०). नागपूर येथील एक नामवंत वैद्यक व्यावसायिक, मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाचे प्रमुख आणि पुढे हिंदू महासभेचे अध्यक्ष. जुलै १९३८ मध्ये त्यांना पदत्याग करावा लागला. तेव्हा निर्माण झालेला पेच ‘खरे प्रकरण’ या नावाने प्रसिद्ध आहे. निर्वाचित मंत्रिमंडळाचा प्रमुख विधिमंडळास जबाबदार, की त्याला निवडून आणणाऱ्या पक्षाच्या मध्यवर्ती नेत्यांस, हा भारतीय संसदीय राजकारणातील मूलभूत प्रश्न या प्रकरणाने प्रथमच उघडपणे पुढे आणला.

खरे यांचा जन्म कुलाबा (सध्याचा रायगड) जिल्ह्यातील पनवेल येथे झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लाहोर येथे घेतले आणि १९१३ मध्ये पंजाब विद्यापीठाची एम्.डी. ही उच्च पदवी मिळविली. काही काळ शासकीय वैद्यकीय सेवेत घालविल्यावर ती सोडून ते नागपूरला स्वतंत्र व्यवसाय करू लागले. नागपूरच्या तत्कालीन राजकारणात डॉक्टरांचे स्थान लक्षणीय होते. बाळकृष्ण शिवराम मुंजे व केशव बळीराम हेडगेवार हे दोघेही वैद्यकाचे पदवीधर होते. वकिलीखालोखाल वैद्यक हाच शासनावर अवलंबून नसलेला, स्वतंत्र उत्पन्नाचा सुशिक्षित व्यवसाय होता आणि सर्व थरांतील कुटुंबांशी डॉक्टरांचा निकटचा संबंध येई. त्यामुळे नोकरशाहीशी विरोध पतकरणे त्यांना इतरांच्या मानाने सुकर होते. खरे यांचे सार्वजनिक नेतृत्व याच वातावरणात घडले. १९२६ मध्ये नागपुरात निघालेल्या तरुण भारत या साप्ताहिकाचे ते संस्थापक-संपादक होते. पुढे १९४४ पासून या नावाचे दैनिक ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या संपादकत्वाखाली सुरू झाले.

विधिमंडळातील कारकीर्द : १९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती सुरू झाली. तीनुसार काही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे आली. अर्थ, पोलीस इ. महत्त्वाची खाती मात्र गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडेच राहिली. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला मध्य प्रांतात स्पष्ट बहुमत मिळाले. असे बहुमत त्याला अन्य कोणत्याही प्रांतात मिळाले नव्हते. पक्षाने मंत्रिपदे स्वीकारण्याचे नाकारले व १९२४ मध्ये मंत्र्यांचे वार्षिक वेतन दोन रुपयांवर आणून राज्ययंत्रणेची कोंडी केली. खरे हे या दशकात प्रांतिक विधिमंडळाचे सभासद होते. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीतही त्यांनी भाग घेतला. १९३४ च्या निवडणुकीनंतर ते दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात गेले. आर्यसमाजी मंडळींच्या आंतरजातीय विवाहांना वैधता देणारा जो कायदा १९३७ मध्ये संमत झाला, त्याच्या विधेयकाशी त्यांचे नाव निगडित आहे.

१९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना स्वायत्तता दिली. १९३७ च्या निवडणुकीत मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेतील ११२ जागांपैकी ७० जागा काँग्रेसला मिळाल्या. गव्हर्नरने आपले खास अधिकार दैनंदिन कारभारात वापरू नयेत, असे आश्वासन काँग्रेसला हवे होते. त्याविषयीच्या वाटाघाटी लांबल्यामुळे प्रथम ई. राघवेंद्र राव यांचे अल्पमतातील अंतरिम मंत्रिमंडळ अधिकारावर आले. जुलै १९३७ मध्ये काँग्रेसने अधिकारग्रहण केल्यावर खरे मुख्यमंत्री झाले. त्या काळी प्रांतिक मंत्रिमंडळाच्या प्रमुखालाही पंतप्रधान असेच म्हणत. त्याच वर्षी सरहद्द प्रांतात डॉ. खानसाहेब यांनी मंत्रिमंडळ बनविले. त्यामुळे दोन प्रांतांची सूत्रे वैद्यक व्यावसायिकांकडे आली. मुंबई प्रांतात हृदयरोगतज्ज्ञ मं. ध. गिल्डर हे मंत्री झाले; पण त्यांच्याकडे आरोग्य हे त्यांच्या व्यवसायाशी निगडित खाते होते. खरे यांच्यापुढील काम निराळे होते. त्यांना एका विषम प्रांताचे राजकीय ऐक्य राखावयाचे होते.

प्रांताची रचना व मतभेद : मध्य प्रांत व वऱ्हाड हा भाषिक दृष्ट्या एकसंध प्रांत नव्हता. नागपूर, वर्धा, चांदा व भंडारा हे जिल्हे आणि वऱ्हाडचे अमरावती, अकोला, यवतमाळ व बुलढाणा हे जिल्हे मराठी भाषी होते. उर्वरित मोठा भाग हिंदी भाषी होता. काँग्रेसच्या संघटनेतही महाकोशल, नागपूर आणि विदर्भ अशा तीन स्वतंत्र प्रांतिक समित्या होत्या. मंत्रिमंडळ बनविताना या तिन्ही विभागांचा तोल सांभाळणे क्रमप्राप्त होते. महाकोशलचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व दुर्गाशंकर मेहता, वऱ्हाडचे रामराव देशमुख व पु. बा. गोळे आणि महंमद युसुफ शरीफ हे खरे यांचे सहकारी होते. यांपैकी शुक्ल यांचे महाकोशलमध्ये स्वतंत्र व प्रबळ नेतृत्व होते. त्यामुळे मुख्यमंत्र्यांचे स्थान आरंभापासूनच सहकाऱ्यांच्या, पर्यायाने तीन समित्यांच्या, सहमतीवर अवलंबून राहिले.

१९३८ च्या प्रारंभी मंत्रिमंडळावर पहिले गंभीर संकट आले. एका अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराच्या प्रकरणात शिक्षा झालेल्या कैद्यास कायदामंत्री शरीफ यांनी मुदतीपूर्वी मुक्त केले. लोकक्षोभ झाल्यावर काँग्रेस कार्यकारिणीने हे प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश सर मन्मथनाथ मुखर्जी यांच्याकडे सोपविले आणि शरीफ यांना राजीनामा द्यावा लागला. मंत्र्याच्या निर्णयाची तपासणी विधिमंडळाने नव्हे, तर पक्षाच्या कार्यकारिणीने करविली, ही गोष्ट पुढील घटनांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. यानंतर मंत्र्यांतील मतभेद विकोपास गेले. मे १९३८ मध्ये पचमढी येथे वल्लभभाई पटेल प्रभृती नेत्यांच्या उपस्थितीत समझोता घडविण्यात आला. परंतु तो टिकला नाही.

जुलै १९३८ चा पेच : महाकोशलच्या मंत्र्यांबरोबर काम करणे अशक्य आहे, असे मत झाल्यावर खरे यांनी नवे मंत्रिमंडळ बनविण्याचे ठरविले. २० जुलै रोजी त्यांनी गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांच्याकडे राजीनामा दिला. गोळे व देशमुख यांनीही राजीनामे दिले. प्रमुखाने राजीनामा दिला असता सबंध मंत्रिमंडळाने पदत्याग करावा, हा ब्रिटिश संसदीय संकेत त्यांना अभिप्रेत होता. शुक्ल, मिश्र व मेहता यांनी मात्र काँग्रेसच्या संसदीय उपसमितीचा आदेश मिळाल्याशिवाय राजीनामे देण्याचे नाकारले. तेव्हा गव्हर्नरने २१ जुलैच्या पहाटे या तिघांना पदच्युत केले आणि खरे यांना पुन्हा मंत्रिमंडळ बनविण्यास पाचारण केले. नव्या मंत्रिमंडळात अस्पृश्य समाजातील अग्निभोज यांचा समावेश होता.

या वेळी वर्धा येथे काँग्रेस कार्यकारिणीची बैठक चालू होती. कार्यकारिणीला न विचारता पक्षाचे मंत्रिमंडळ मोडणे आणि त्यासाठी गव्हर्नरच्या अधिकाराचा आधार घेणे, हे दोन्ही आक्षेपार्ह ठरले. खरे यांनी चूक मान्य करून २३ जुलै रोजी दुसऱ्यांदा राजीनामा दिला. तथापि नेतेपदासाठी पुन्हा उभे राहू नये आणि दोष स्वीकारणारे निवेदन करावे, ही अपेक्षा त्यांना मान्य झाली नाही. सेवाग्राम येथे महात्मा गांधींशी झालेल्या भेटीनंतरही, सुचविलेल्या मसुद्यावर त्यांनी स्वाक्षरी केली नाही. २६ जुलै रोजी कार्यकारिणीने खरे यांना काँग्रेसमधील जबाबदारीच्या पदांस अपात्र ठरविले व गव्हर्नरच्या घाईवरही कठोर टीका केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या उपस्थितीत विधिमंडळ पक्षाची सभा वर्धा येथे भरून शुक्ल यांची नेतेपदी निवड झाली आणि जुलैअखेर त्यांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले.

खरे यांनी आपली बाजू स्वतंत्र पुस्तिकेद्वारे जनतेपुढे मांडली. अग्निभोज यांच्या समावेशाबद्दल गांधींनी नापसंती दर्शविली, असे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. बाबासाहेब आंबेडकर यांनी काँग्रेस व गांधी यांच्या अस्पृश्यविषयक धोरणावर १९४५ मध्ये जो टीकाग्रंथ लिहिला, त्यातही याचा उल्लेख आढळतो. मराठी जिल्ह्यांत या प्रकरणाकडे महाकोशल विरुद्ध नागपूर-वऱ्हाड अशा दृष्टीनेही पाहिले गेले. १ ऑक्टोबर १९३८ रोजी प्रांतिक विधानसभेने महाविदर्भाच्या स्वतंत्र प्रांताचा ठराव संमत केला. तो मांडणारे रामराव देशमुख हे खरे यांच्या मंत्रिमंडळातील एक मंत्री होते.

घटनात्मक महत्त्व : या प्रकरणातील दोन्ही पक्षांच्या भूमिकांत तथ्य होते. खरे यांच्या मते मुख्यमंत्र्याला आपले सहकारी निवडण्याचा अधिकार नसेल, तर संयुक्त जबाबदारीला अर्थ उरत नाही. कार्यकारिणीच्या मते मतदारांनी व्यक्तीला नव्हे, तर काँग्रेसच्या जाहीरनाम्याला कौल दिला होता आणि परकीय सत्तेशी लढणाऱ्या संघटनेत एका प्रांताला वेगळी वाट धरू देणे धोक्याचे होते. गांधींनीही ऑगस्ट १९३८ मध्ये हरिजन पत्रातून केंद्रीय शिस्तीचे समर्थन केले. उलट रेजिनल्ड कूपलंड यांनी भारतीय राजकारणावरील आपल्या ग्रंथात, काँग्रेसश्रेष्ठींच्या नियंत्रणामुळे प्रांतिक स्वायत्ततेचा कसा संकोच झाला, हे दाखविण्यासाठी या प्रकरणाचा आधार घेतला.

१९३५ च्या कायद्यानुसार मंत्र्यांची निवड गव्हर्नर करी व ते त्याची मर्जी असेपर्यंत पदावर राहत. सहकाऱ्यास काढून टाकण्याचा स्पष्ट अधिकार मुख्यमंत्र्याला नव्हता. म्हणून खरे यांना स्वतःचा राजीनामा देण्याचा आडमार्ग घ्यावा लागला. भारतीय संविधानाच्या १६४ व्या अनुच्छेदात इतर मंत्र्यांची नियुक्ती मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने व्हावी, अशी तरतूद आहे. त्यामुळे कायद्यातील ही उणीव दूर झाली. मात्र मुख्यमंत्री कोणी व्हावे व किती काळ राहावे, यासंबंधीचा पक्षश्रेष्ठींचा प्रभाव कोणत्याही कायद्याच्या कक्षेत येत नाही. म्हणूनच स्वातंत्र्योत्तर काळात राज्यांतील नेतृत्वबदलांच्या वेळी खरे प्रकरणातील प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झाला.

उत्तरायुष्य : काँग्रेसबाहेर पडल्यावर १९४३ मध्ये खरे यांची व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर नियुक्ती झाली. समुद्रपार भारतीयांचे व राष्ट्रकुल संबंधांचे खाते त्यांच्याकडे १९४६ पर्यंत होते. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात भारतीयांच्या जमीनधारणेवर १९४३ च्या कायद्याने निर्बंध आले. तेव्हा प्रत्युत्तरादाखल दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या नागरिकांवर भारतात परस्परतेचा कायदा लागू करण्यात आला. या धोरणाचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला.

एप्रिल १९४७ मध्ये ते अलवर संस्थानचे पंतप्रधान झाले. त्या वर्षी अलवर व भरतपूर परिसरात मेव मुसलमानांविरुद्ध मोठा हिंसाचार होऊन असंख्य कुटुंबे विस्थापित झाली. संस्थानी प्रशासनाने त्यास अटकाव केला नाही, किंबहुना साहाय्य केले, असा आरोप खरे यांच्या कारभारावर झाला आणि पुढील अभ्यासकांनीही त्यावर कठोर टीका केली आहे. गांधींच्या हत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये भारत सरकारने अलवरचा कारभार आपल्या हाती घेऊन खरे यांना पदावरून दूर केले. हत्येशी त्यांचा संबंध सिद्ध झाला नाही.

१९४९ मध्ये ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. १९५० मध्ये दिल्लीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने त्यांना दिल्लीबाहेर जाण्याचा हुकूम दिला. नव्या संविधानातील संचारस्वातंत्र्याच्या आधारे त्यांनी त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयाने बहुमताने त्यांचा अर्ज फेटाळला. मूलभूत अधिकारांवरील ‘वाजवी निर्बंध’ या संकल्पनेचा अर्थ लावणाऱ्या आरंभीच्या निर्णयांत याची गणना होते. पुढे पहिल्या लोकसभेत त्यांनी ग्वाल्हेर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले. १९५७ मध्ये हिमाचल प्रदेश व पंजाबातील काही मतदारसंघांच्या निवडणुका पूर्ण होण्यापूर्वी राष्ट्रपतींची निवडणूक घेऊ नये, अशी मागणी त्यांनी न्यायालयात केली. ती अमान्य झाली; परंतु निर्वाचक गणातील रिक्त जागांच्या कारणावरून राष्ट्रपतींच्या निवडणुकीस आव्हान देता येणार नाही, अशी स्पष्ट तरतूद १९६१ च्या अकराव्या घटनादुरुस्तीने करण्यात आली. १९५९ मध्ये त्यांचे इंग्रजी राजकीय आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमध्ये बिधनचंद्र रॉय आणि गुजरातमध्ये जीवराज मेहता या वैद्यक व्यावसायिकांनी मुख्यमंत्रिपद भूषविले. रॉय यांनी १४ वर्षे ते सांभाळले. खरे यांना जेमतेम एक वर्ष मिळाले आणि त्यानंतरची त्यांची वाटचाल काँग्रेसविरोधाच्या व हिंदुत्ववादी राजकारणाच्या दिशेने झाली. शासनकर्ते म्हणून त्यांची कामगिरी अल्प आहे. अलवरमधील कारभाराची छायाही त्यांच्या कारकीर्दीवर पडलेली आहे. तथापि अधिकार सोडताना त्यांनी जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर त्यांच्या विरोधकांनाही पूर्णपणे देता आले नाही. भारतीय राज्यघटनेच्या इतिहासात त्यांचे नाव टिकून आहे, ते मुख्यतः या प्रश्नामुळे.