उधन्यातून चालवा माइनक्राफ्टचा स्वतःचा सर्व्हर 🎮

उधना-जळगाव रेल्वेमार्गावर नंदुरबार, अमळनेर, जळगाव अशी आपली भावंडं विखुरलेली. त्या सगळ्यांना एकाच जगात खेळवता येतं!

१. माइनक्राफ्टच्या अधिकृत साइटवरून जावा एडिशनचा सर्व्हर मोफत डाउनलोड करा. पहिल्यांदा चालवल्यावर तो थांबतो. 'यूला' फाइलमध्ये 'फॉल्स'चं 'ट्रू' करून अटी मान्य केल्या की सुरू होतो.

२. राउटरवर पोर्ट २५५६५ उघडा. काही इंटरनेट कंपन्या एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटतात. तसं असेल तर बाहेरच्यांना जोडता येत नाही. तेव्हा मुंबईतला क्लाउड सर्व्हर भाड्याने घ्या. अंतर कमी, म्हणून लॅगही कमी.

३. व्हाइटलिस्ट चालू ठेवा, म्हणजे ओळखीचेच आत येतील.

४. 'वर्ल्ड' फोल्डरचा रोज बॅकअप घ्या. सगळं बांधकाम त्यातच असतं.

कुठे अडलात तर कमेंटमध्ये विचारा, नक्की मदत करेन!