प्रतिपक्षाची पारख



या व्यासपीठावरून मोठमोठ्या विद्वानांनी आपणांस उपनिषदांपासून अणुशक्तीपर्यंतचे विषय समजावून दिले आहेत. मी जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांत वावरणारा मनुष्य. शाळा सातवीत सुटली. पुढचे जे थोडेफार शिक्षण झाले ते वर्तमानपत्रांतून झाले, आणि त्यातही खेळाच्या पानावरून अधिक. सरासरी म्हणजे काय हे मला गुरुजींनी समजावले नाही. गोलंदाजांच्या तक्त्याने समजावले. तेव्हा आज मी ज्या विषयात थोडासा अधिकार सांगू शकतो तोच घेतला आहे. सामन्यापूर्वी रसिक मंडळी प्रतिपक्षाची पारख कशी करतात, आणि ती कशी करावी?

कापसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो व उन्हाळा लागेपर्यंत चालतो. रणजी करंडकाचा मोसमही जवळजवळ तोच. त्यामुळे फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर भाव कापसाचा निघाला की पाठोपाठ क्रिकेटही निघते. 2025 च्या फेब्रुवारीत विदर्भाने उपांत्य सामन्यात मुंबईला 80 धावांनी हरवले आणि अंतिम सामना केरळशी ठरला. मुंबईला लोळवल्यावर केरळ ते काय, असा एकंदर सूर होता. आमचा एक हमाल म्हणाला, "भाऊ, हे तं फुटबॉलवाले लोक. हे क्रिकेट काय खेळतीन?" सगळे हसले. मीही हसलो. परंतु घरी आल्यावर जुनी वर्तमानपत्रे काढून बसलो तेव्हा ते हसू ओसरले.

पारखीचा पहिला प्रश्न असा, की हा संघ इथवर आला कसा? नुसते 'जिंकला' किंवा 'हरला' एवढे पाहून भागत नाही. रणजीच्या बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी तो पुढे जातो, हा नियम आहे. केरळने उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरच्या 280 धावांना 281 ने उत्तर दिले. आघाडी एका धावेची! ती मिळाली शेवटच्या जोडीच्या चिवटपणामुळे. सलमान निझार शतक करून नाबाद राहिला. उपांत्य सामन्यात केरळच्या 457 धावा झाल्या आणि गुजरातचा डाव 455 वर संपला. तिथे शेवटचा फलंदाज असा बाद झाला, की त्याने मारलेला चेंडू जवळ उभ्या असलेल्या निझारच्या शिरस्त्राणावर आदळून उडाला आणि कर्णधार सचिन बेबीच्या हातात विसावला.

टपरीवर याला 'नशीब' म्हणत होते. नशीब त्यात होतेच, नाही असे नाही. परंतु एक धाव आणि दोन धावा अशी आघाडी लागोपाठ दोनदा मिळवणारा संघ म्हणजे शेवटची जोडी मैदानात असतानाही सामना न सोडणारा संघ, हा अर्थ त्यातून आम्ही काढायला हवा होता. शिवाय त्याला सामना जिंकावाच लागतो असे नाही. पहिल्या डावात पुढे गेले की पुरे, हे त्याला पक्के ठाऊक आहे. प्रतिपक्षाला नेमके काय मिळवायचे आहे हे एकदा कळले, की त्याची अर्धी पारख झाली.

दुसरा प्रश्न म्हणजे कोण येणार आणि कोण येणार नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. तिथे एकाच प्रतिपक्षाशी लागोपाठ तीन-चार सामने होतात, आणि कोणत्या दिवशी चेंडू कोण टाकणार हे सहसा आधी जाहीर होते. रसिकांची सारी चर्चा त्या नावांभोवती फिरते. आपल्याकडे संजू सॅमसन बोटाच्या दुखापतीमुळे केरळकडून खेळणार नाही म्हणून लोक खूश होते. गेलेल्या नावाचा हिशेब सर्वांनी केला, आलेल्या नावाचा मात्र फार थोड्यांनी. ते आलेले नाव होते आदित्य सरवटे.

सरवटे आपला, नागपूरचा. 2019 च्या फेब्रुवारीत जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने अकरा गडी बाद केले आणि विदर्भाने 78 धावांनी दुसऱ्यांदा करंडक जिंकला. तोच सरवटे 2024-25 च्या मोसमात केरळकडून खेळत होता. गुजरातचा तो शेवटचा गडी, शिरस्त्राणावरून उडालेल्या चेंडूवर, त्यानेच मिळवला होता. ज्याला जामठ्याची माती आपल्याइतकीच ठाऊक, असा मनुष्य प्रतिपक्षात आला म्हणजे आपल्या घरची किल्ली शेजाऱ्याकडे गेली. दुसऱ्या बाजूने पाहावे तर आपला मुख्य आधार करुण नायर हाही मूळ कर्नाटकाचा खेळाडू. तो मोसम संपल्यावर तो पुन्हा कर्नाटकाकडे गेला. तेव्हा प्रांताच्या नावावरून खेळाची पारख करणे किती पोकळ आहे हे आपणच पाहा.

तिसरा प्रश्न मैदानाचा. मोठे नाव प्रत्येक मातीत सारखे चालत नाही. 2019 च्या त्या अंतिम सामन्यापूर्वी चेतेश्वर पुजाराने उपांत्य सामन्यात नाबाद 131 धावा केल्या होत्या, म्हणून आम्हांला त्याची धास्ती होती. जामठ्यावर त्याच्या धावा झाल्या एक आणि शून्य; दोन्ही वेळा सरवटेनेच त्याला बाद केले. म्हणजे नावाला हसणे जसे चूक, तसे नावाला भिणेही चूकच.

आणि चौथा प्रश्न, जो टपरीवर सहसा कोणी विचारीत नाही: आपले काय? आपली दुखरी जागा कोणती? प्रतिपक्ष आपल्याकडे पाहून काय म्हणत असेल?

आता प्रत्यक्ष काय घडले ते थोडक्यात सांगतो. 26 फेब्रुवारी 2025 रोजी केरळने आपल्याला फलंदाजी दिली. आपण पार्थ रेखडेला सलामीला पाठवून पाहिले. तो शून्यावर परतला. 24 धावांत तीन गडी बाद! ज्यांना आम्ही फुटबॉलवाले म्हणत होतो त्यांनी हे केले. तिथून दानिश मालेवार व करुण नायर यांनी 215 धावांची भागीदारी केली आणि डाव 379 वर गेला. उत्तरादाखल सरवटेने 79 धावा केल्या, तेही जामठ्यावर. कर्णधार सचिन बेबी खेळत होता तोवर आमच्या टपरीवर चहा निवत होता. तो 98 वर बाद झाला, पुढे लवकरच डाव 342 वर संपला, आणि आपल्याला 37 धावांची आघाडी मिळाली. दुसऱ्या डावात नायरने 135 धावा केल्या, सामना अनिर्णित राहिला आणि करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला. हर्ष दुबेने त्या मोसमात 69 बळी घेतले. रणजीच्या एका मोसमात तोवर इतके कोणी घेतले नव्हते. पाच दिवसांच्या खेळाचा निकाल त्या 37 धावांवर लागला. ज्यांना आम्ही मोजलेच नव्हते ते आमच्यापासून इतकेच दूर राहिले.

खरे म्हणजे आम्हांला हे अगोदर कळायला हवे होते. कारण असे हसणे आम्ही स्वतः सोसले आहे. विदर्भाचा संघ रणजीत उतरला 1957-58 साली. त्यानंतर साठ वर्षे विदर्भ म्हणजे इतरांना सोपा पेपर. 2017 च्या डिसेंबरात इंदूरला अंतिम सामना दिल्लीशी पडला. दिल्ली सात वेळा करंडक जिंकलेली; तिच्याकडे गौतम गंभीर, ऋषभ पंत. आमच्याकडे स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला रजनीश गुरबाणी. या गुरबाणीने अंतिम सामन्यात लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले आणि विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. त्याने उपांत्य सामन्यात कर्नाटकाचे बारा गडी बाद केले होते. विदर्भ तो सामना पाच धावांनी जिंकला होता. सारे कागदावर छापलेले होते. वाचणाऱ्याला दिसले असते.

श्रोतेहो, हा विषय मी केवळ करमणुकीसाठी घेतला नाही. पारख चुकली म्हणजे मैदानावर करंडक जातो; आमच्या कामात चूल थंड पडते. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका जिनिंगमध्ये आम्ही हंगामाच्या तोंडावर मजुरीवाढ मागितली. आदल्या वर्षी मालकाने दोन दिवसांत मान्य केले होते, म्हणून मी सभेत सांगितले, "हा मालक मऊ आहे. दाबला की वाकतो." तेव्हा रेच्यावर काम करणारी एक वयस्क बाई उठून म्हणाली, "मांगच्या साली तो भेला नोहता भाऊ. अंगनात कापूस होता म्हनून वाकला. औंदा अंगन पाहा." मी तिला खाली बसवले. पुढारी मी होतो ना!

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, आवक निम्मीही नव्हती. मालकाला रेचे बंद ठेवण्यात तोटा नव्हता. उलट फाटक बंद करायला त्याला आमचा संप आयता मिळाला. अकरा दिवस फाटक बंद राहिले आणि बाराव्या दिवशी आम्ही जुन्याच दराने आत गेलो. अकरा दिवसांची मजुरी बुडाली ती माझी नव्हती, त्या बायांची होती. मी मालकाचा चेहरा पाहिला, त्याचे गोदाम पाहिले नाही. बाईने गोदाम पाहिले होते. पुढे हंगाम संपताना मी तिच्या घरी जाऊन चूक कबूल केली. ती एवढेच म्हणाली, "पुढच्या खेपेस इचारजा."

त्या दिवसापासून कोणत्याही वाटाघाटीपूर्वी मी तेच चार प्रश्न कागदावर लिहितो: प्रतिपक्ष इथवर कसा आला, त्याच्याकडे कोण आहे, जमीन कोणाची आहे, आणि आपले उणे काय? उत्तरे मी एकटा लिहीत नाही. फाटकावर झाडणाऱ्या बाईलाही विचारतो, कारण गाड्या किती आल्या हे तिला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

एवढे करूनही निकाल हातात नसतो. तो असता तर मैदानावर कोणी गेलेच नसते. परंतु नीट पारख केलेला मनुष्य हरला तरी का हरला हे जाणून परत येतो, आणि जिंकला तर माजत नाही. पुढच्या मोसमात कोणाचा संघ जामठ्यावर येईल ते येवो. टपरीवर कोणी हसला, तर त्याला चहा पाजा, पण आधी त्या संघाचे मागचे तीन सामने विचारा.