अफूच्या परवान्यापासून समुपदेशनापर्यंत

अकबराचा पुत्र दानियाल १६०५ साली बुऱ्हाणपुरात मद्यापायी मरण पावला. बापाच्या हुकमाने कडक पहारा बसलेला असताना त्याने चाकरांची विनवणी करून बंदुकीच्या नळीतून दारू मागविली आणि नळीतल्या गंजाने दूषित झालेली ती दारू प्राशन केली, असे त्याचा भाऊ जहांगीर आपल्या आत्मचरित्रात नमूद करतो. ते मद्य होते, अफू नव्हे, हे खरे. परंतु पहारा बसविला की उपचार झाला ही समजूत पुढे कित्येक शतके टिकली, म्हणूनच व्यसनावरील उपचारांचा मागोवा येथून घ्यावासा वाटतो.

बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस माळवा. तेथील अफूवर इंग्रजी अमदानीत मोठा महसूल उभा राहिला. १८९३ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने देशभर साक्षी नोंदवून, अफूवर सरसकट बंदीचे कारण नाही, असा निर्वाळा दिला. स्वातंत्र्यानंतर मात्र औषधाव्यतिरिक्तचे अफूसेवन १९५९ पर्यंत संपविण्याचे ठरले आणि ज्यांना ती सोडणे अशक्य होते अशा नोंदणीकृत व्यसनींना वैद्यकीय शिफारशीवर मोजून अफू मिळू लागली. परवान्यावर वजनाचा हिशेब होता. त्या माणसाला झोप लागते का, घरात कर्ज किती, मुले बोलतात का, हे विचारणारा रकाना त्या कागदावर नव्हता.

ऐंशीच्या दशकात अफूपासूनच बनणारा गर्द आला. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने शिक्षा कठोर केल्या, आणि पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९८६ रोजी, पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनी मनुष्य गुन्हेगार नसून रुग्ण आहे, आणि त्याच्याइतकीच त्याची पत्नीही आजाराने पोळलेली आहे, ही दृष्टी मराठी समाजात रुजविण्याचे श्रेय या घराला द्यावेच लागेल. टर्की (नशा तुटल्यावरच्या यातना) लागलेल्या मुलाजवळ रात्रभर बसणाऱ्या, स्वतः त्या वाटेने जाऊन परतलेल्या कार्यकर्त्याचे मोल कोणत्याही गोळीने भरून येणारे नाही.

परंतु गोळीचेही मोल आहे, आणि ते मान्य करण्यात आपण फार उशीर केला. न्यूयॉर्कमध्ये डॉ. व्हिन्सेंट डोल व डॉ. मारी नायस्वांडर यांनी मेथाडोनच्या उपचाराचे निष्कर्ष १९६५ मध्येच प्रसिद्ध केले होते. आपल्याकडे जिभेखाली विरघळणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सरकारी कार्यक्रमात पुढील शतकातच व्यापक प्रमाणावर आली. ही गोळी मेंदूतील ज्या जागी अफू बसते तेथेच बसते, परंतु तिचा प्रभाव एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. तलब शमते, आणि रुग्णाला विचार करण्याइतकी उसंत मिळते. ‘एक व्यसन सोडवून दुसरे लावले’ हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. तो दुष्ट हेतूचा नसला तरी अनेकांना औषधापासून दूर ठेवून त्याने घात केला आहे.

औषध आणि समुपदेशन या दोहोंची सांगड कशी घालावी, याविषयीचे पुरावे एकसुरी नाहीत. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जवळजवळ निव्वळ मेथाडोनवर ठेवलेल्या गटातील दोन-तृतीयांशाहून अधिक रुग्णांना अखेर समुपदेशनासह चालणाऱ्या उपचाराकडे वळवावे लागले. उलट २०११ सालच्या, वेदनाशामकांच्या आहारी गेलेल्या ६५३ रुग्णांच्या अभ्यासात, अल्पकाळ औषध देऊन ते उतरविले तेव्हा सुमारे सात टक्केच यशस्वी झाले. औषध चालू ठेवले तेव्हा जवळपास निम्मे, आणि ते थांबविल्यावर पुन्हा नऊ टक्क्यांहून कमी. ज्यादा समुपदेशनाने या आकड्यांत फरक पडला नाही. मला यातून इतकेच दिसते की समुपदेशक उपलब्ध नाही म्हणून औषध अडवू नये, आणि औषध सुरू झाले म्हणून समुपदेशकाची जागा रिकामी ठेवू नये.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीने अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७७ लाख सांगितली. बुऱ्हाणपुरासारख्या यंत्रमागांच्या गावी ही सांगड घालावयाची तर औषधाच्या खिडकीच्या वेळा पाळ्यांशी जुळल्या पाहिजेत, कारण रोजी बुडवून रोज रांगेत उभा राहणारा कारागीर फार दिवस टिकणार नाही. आणि खिडकीशेजारच्या खोलीत बसणाऱ्याला उर्दू, निमाडी व मराठी, तिन्हींतून त्याच्या घरच्यांशी बोलता आले पाहिजे.